भिजलेलं डिस्चार्ज कार्ड

वर्सोवा कोळीवाड्यात जुलै सरत आला की बोटींचीच बोलणी चालतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. त्या दोन महिन्यांत इंजिनं उघडायची, लाकडाला तेल पाजायचं, जाळी सांधायची. यंदा माझ्या भाच्यानं घरात जाहीर केलं की नारळी पौर्णिमेनंतर तो मामाच्या बोटीवर खलाशी म्हणून जाणार. वय बावीस, बी.कॉम. झालेला, नोकरीत मन न रमलेला. घरच्यांना आनंदच झाला, कारण हल्ली शिकलेली पोरं बोटीवर जायला राजी नसतात. मी वहिनीला एवढंच विचारलं की मामाला त्याच्या पोटाचं ठाऊक आहे का. त्यावरून आमच्यात जे बोलणं झालं ते इथं लिहिते आहे.

वहिनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. माझी नोकरी लहान मुलांच्या शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स म्हणून गेली. तिनं हा मुलगा वाढवला. या विषयातलं दोघींना कळतं, पण वेगवेगळं कळतं. भाच्यानं हे सगळं वाचलं आणि कुणाचंही नाव न घालण्याच्या अटीवर छापायला होकार दिला.

वहिनी : झालं गेलं गंगेला मिळालं, वन्सं. ऑपरेशन झालं, पोर वाचलं, वाढलं. आता बावीस वर्षांनी ते भूत पुन्हा त्याच्या पाठीशी कशाला लावता?

मी : भूत लावत नाही गं. त्याला काय झालं होतं हे त्याला माहीत आहे का, एवढंच विचारते.

वहिनी : माहीत आहे की. लहानपणी पोटाचं ऑपरेशन झालं होतं.

मी : कशाचं?

वहिनी : पोटाचं! आणखी काय सांगायचं? लहान असताना शाळेतली पोरं त्या व्रणाबद्दल विचारायची, तेव्हा तो सांगायचा, मुशीनं चावलं. पोरं खूश, तोही खूश. तेवढ्यावर निभावलं ना?

‘लहानपणी पोटाचं ऑपरेशन झालं’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. अशा पोटावरच्या व्रणामागे काय काय असू शकतं? जन्मतःच आतड्याचा तुकडा तुटलेला असेल. आतड्याला पीळ पडलेला असेल. अकाली जन्मलेल्या बाळाचं आतडं सडलं असेल. आतडं आतड्यात शिरलं असेल. शी व्हायची वाटच तयार झालेली नसेल. प्रत्येकाचं पुढचं आयुष्य वेगळं. पिळाच्या शस्त्रक्रियेची रीत बॉस्टनच्या विल्यम लॅड यांनी १९३६ साली घालून दिली. तीत आतडी पोटात नेहमीपेक्षा वेगळ्या जागी ठेवली जातात आणि अपेंडिक्स बहुधा काढून टाकतात. असा माणूस तिशीत पोटदुखीनं तडफडत आला आणि समोरच्या सर्जनला काहीच ठाऊक नसेल, तर तो उजव्या बाजूला जे शोधेल ते तिथं नसेलच. ज्यांच्या लहान आतड्याचा शेवटचा भाग काढला आहे, त्यांना जीवनसत्त्व बी-१२ शोषून घेता येत नाही. वर्षानुवर्षं साठा पुरतो, आणि मग थकवा, पायाला मुंग्या, रक्त कमी. बाळपणीचं ऑपरेशन आणि या मुंग्या यांचा संबंध सांगणारं कुणी जवळ नसतं.

माझ्या भाच्याचा आजार हिर्शस्प्रंगचा. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात, गुदद्वारापासून वर काही अंतरापर्यंत, आतड्याची हालचाल चालवणाऱ्या गँग्लियन पेशी जन्मतःच नसतात. गर्भात या पेशी आतड्यातून वरून खाली सरकत जातात; त्या मध्येच थांबल्या की खालचा भाग त्यांच्याविना राहतो. तो आखडलेलाच असतो, शी पुढे ढकलत नाही, आणि वरचं निरोगी आतडं फुगत जातं. साधारण ५००० जन्मांमागे एक असं बाळ, आणि मुलग्यांत मुलींच्या सुमारे चौपट. कोपनहेगनचे हाराल्ड हिर्शस्प्रंग यांनी १८८६ साली बर्लिनमध्ये अशा दोन बाळांची हकिकत मांडली. दोन्ही बाळं दगावली होती. फुगलेलं आतडं हाच दोष, अशी समजूत त्यानंतर कितीतरी वर्षं टिकली. खालचा, वरकरणी साधा दिसणारा भागच नाठाळ आहे आणि तो काढून निरोगी टोक खाली ओढून जोडायला हवं, हे ऑर्व्हार स्वेन्सन यांनी बॉस्टनमध्ये शस्त्रक्रियेनं सिद्ध केलं. त्यांचा पहिला लेख १९४८चा.

वहिनी : तुम्ही हे सगळं आता सांगता. तेव्हा मला काय सांगितलं होतं कुणी? बाळंतपणाला मी मढला आईकडे. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, पोरानं अजून काळी शी केली नाही. शेजारच्या आजीनं विड्याच्या पानाचं देठ एरंडेलात बुडवून घातलं. भसकन शी झाली, वारा सरला, पोट उतरलं. सगळ्यांनी देवाला हात जोडले. मग दर दोन दिवसांनी देठ. पोर दूध ओकायचं, पोट ढोलासारखं. दोन महिने असेच गेले, मग हिरवी उलटी झाली आणि आम्ही पळालो.

मी : देठानं शी होते हीच तर या आजारात फसगत. वाट जराशी उघडली की साठलेलं सगळं बाहेर येतं आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं. निरोगी पूर्ण दिवसांची बाळं बहुतेक २४ तासांत पहिली काळी शी करतात, ४८ तासांत जवळपास सगळीच. त्यापुढे गेलं तर देठ नाही, डॉक्टर.

वहिनी : हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

मी : आणि त्याला आता कळायला हवं. उद्या त्याला मूल होईल.

वहिनी : म्हणजे? त्याच्या मुलालाही होईल?

मी : बहुधा नाही. पण शक्यता इतरांपेक्षा जास्त. रेट नावाच्या जनुकाचा या आजाराशी असलेला संबंध १९९४ साली सापडला. आईबापाला असला तरी बहुतेक मुलं निरोगीच जन्मतात. पण बापाला माहीत असेल तर पहिल्या दोन दिवसांतच त्या बाळाच्या शीकडे लक्ष जाईल. तुझे दोन महिने गेले, त्याचे दोन दिवसही जाणार नाहीत.

ती गप्प बसली. पण तिचा मुद्दा एवढ्यानं संपणारा नव्हता, आणि तो हलका मुद्दा नाही. वॉर्डातल्या आम्हा लोकांना बाळ ऑपरेशनला जाताना आणि घरी जाताना दिसतं. मधलं घर आम्हाला दिसत नाही.

वहिनी : तुम्हाला कळतंय का, मला काय विसरायचं आहे? दोन महिन्यांचा असताना पोटावर शीचं तोंड काढलं. पिशवी बाळाच्या पोटाला चिकटायची नाही, आणि महागही. मी जुन्या साडीची फडकी बांधायचे. दिवसातून किती वेळा बदलायचे ते विचारू नका. तोंडाभोवतीची कातडी सोलून निघालेली, त्यावर खोबरेल तेल, मग डॉक्टरनं पांढरं मलम दिलं ते. म्हावरं विकायला बसले तरी फडक्यांची पिशवी पाटीशेजारी. मग दहाव्या महिन्यात मोठं ऑपरेशन. मग पोटावरचं तोंड बंद करायचं ऑपरेशन. आणि मग त्या सळया.

मी : डायलेटर.

वहिनी : तुमच्यासाठी डायलेटर. जोडलेली जागा आकसू नये म्हणून रोज आत घालायची सळई, दर काही दिवसांनी एक नंबर जाड. नर्सबाईनं दाखवलं आणि घरी पाठवलं. नवरा तोंड फिरवून बाहेर जायचा. मी एकटी. पोर माझ्याकडे बघून रडायचं, वन्सं, माझ्याकडे. ते मी त्याला सांगू? आईनं तुला काय काय केलं ते?

याचं उत्तर माझ्याकडे पुस्तकातलं नव्हतं. कित्येक आयांना मी हे शिकवलं आहे आणि त्यांचे हात थरथरताना पाहिले आहेत. त्या सळईशिवाय जोड आकसला असता, पुन्हा पोट फुगलं असतं, पुन्हा भूल, पुन्हा टाके. वहिनीच्या हातांनी तिच्या पोराला चौथ्या शस्त्रक्रियेपासून वाचवलं, असं माझं ठाम मत आहे, आणि ते मी तिला तिथंच सांगितलं. तिनं मान हलवली, पण हो म्हणून नाही.

वहिनी : तान्ह्या पोराला आठवत नाही, हीच त्यातली कृपा. जे आठवत नाही ते उकरायचं कशाला?

मी : आठवत नाही म्हणजे झालंच नाही असं शरीर मानत नाही. एके काळी मोठमोठ्या रुग्णालयांतही समजूत होती की नवजात बाळाला वेदना फारशी जाणवत नाही, म्हणून भूलही जेमतेम द्यायचे. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे, मूळचे भारतीय डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की अशा बाळांच्या शरीरात शस्त्रक्रियेच्या वेळी ताणाची रसायनं उसळतात, आणि वेदना नीट शमवली तर ती शस्त्रक्रियेनंतर चांगली सावरतात. बाळाला काही कळत नाही या वाक्यानं पुष्कळ नुकसान केलं आहे.

वहिनी : तुमच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक साल आहे. माझ्याकडे पोर आहे. त्याची शाळा आठवा. चौथीपर्यंत चड्डीला डाग. बाई चिठ्ठी पाठवायच्या, मुलाला सवय लावा. पोरं नाक दाबायची. सहलीला नेलं नाही. कुणीतरी म्हणालं जुलाब आहेत, म्हणून मी डाळिंबाची साल उगाळून दिली, केळी दिली. आणखीच वाढलं.

मी : कारण ते जुलाब नव्हतेच. आत घट्ट शी अडकलेली असते आणि तिच्या बाजूनं पातळ शी झिरपते. मुलाला कळतही नाही, कारण ताणलेल्या आतड्याला जाणीवच राहत नाही. त्यावर बांधून ठेवणारं औषध दिलं की खडा आणखी घट्ट होतो. काही मुलांत उलट असतं, स्नायू खरोखरच सैल असतात, आणि तिथं पोट साफ करणारं औषध दिलं की हाल. दोन्हींत चड्डीवर दिसतं ते सारखंच. म्हणून आधी एक्स-रे काढून ठरवावं लागतं. अशा मुलांसाठी रोज ठरलेल्या वेळी एनिमा देऊन पुढचा दिवस कोरडा ठेवायची शिस्त आता चांगली बसली आहे. गुदद्वाराच्या जन्मजात दोषांवर १९८०च्या सुमारास नवी शस्त्रक्रिया आणणारे मेक्सिकोचे डॉ. आल्बेर्तो पेन्या यांनी त्या शिस्तीवर फार भर दिला. शाळेत जाणाऱ्या पोराला औषधाइतकीच कोरड्या चड्डीची गरज असते.

वहिनी : पण पाचवीनंतर आपोआप थांबलं ना?

मी : कमी झालं. वयाबरोबर बऱ्याच मुलांत सुधारतं, हे खरं आहे. पण थांबलं म्हणतेस? परवा तो मेट्रोनं घाटकोपरला गेला तेव्हा काय खाऊन गेला?

वहिनी : काही नाही. त्याला बाहेर पडताना खायची सवय नाही.

मी : सवय?

या ठिकाणी मी थोडी थांबते, कारण शस्त्रक्रियेनंतरचे दूरचे परिणाम म्हटलं की लोकांना मोठं काहीतरी वाटतं : पुन्हा ऑपरेशन, अतिदक्षता विभाग. बहुतेकांच्या वाट्याला ते येत नाही. त्यांच्या वाट्याला येतं ते असं : घराबाहेर पडायचं तर उपाशी निघायचं. लग्नाच्या पंगतीत वाढून घ्यायचं आणि चिवडत बसायचं. कॉलेज निवडताना तिथल्या संडासाला कडी आहे का हे आधी पाहून यायचं. सकाळचा पाऊण तास कुणाला न सांगता राखून ठेवायचा. मित्रांबरोबर मुक्कामाला जायचं नाही. गडद रंगाच्याच पँटी घ्यायच्या. घरात हे कुणी मोजत नाही, डॉक्टर विचारत नाहीत, आणि मुलगा सांगत नाही, कारण सगळ्यांचं असंच असतं असं त्याला वाटत असतं किंवा आपलाच स्वभाव असा आहे असं. यातल्या पुष्कळ गोष्टींवर उपाय आहेत. आहार बदलता येतो, औषध बदलता येतं, क्वचित जोडाची जागा तपासून रुंद करता येते. पण उपाय मागायला आधी हे आपल्या स्वभावाचं नाही, पोटाचं आहे, हे कळावं लागतं.

वहिनी : समजा कळलं. मग तो आयुष्यभर स्वतःला आजारी समजेल. माझ्या मावसबहिणीच्या मुलाला हृदयाला भोक होतं, शिवलं, बरा झाला. पण घरात रोज तेच. धावू नको, भिजू नको. तीस वर्षांचा झाला, अजून जिना चढताना छातीला हात लावतो. मला माझं पोर तसं करायचं नव्हतं. जाळं फाटलं की आपण सांधतो आणि पाण्यात टाकतो. सांधलेलं आहे म्हणून कुणी घरात ठेवतं का?

मी : नाही ठेवत. पण कुठं सांधलंय ते तांडेलला ठाऊक असतं.

वहिनी : आणि तुमच्याच पुस्तकात काय लिहिलंय ते सांगा. आतडी चिकटतात, मार्ग बंद होतो, ते किती जणांना?

मी : लंडनच्या एका मोठ्या आढाव्यात, १९८६ साली, नवजात असताना पोट उघडलेल्या साडेसहाशेच्या आसपास बाळांपैकी सुमारे ८ टक्क्यांना.

वहिनी : कधी?

मी : बहुतेकांना पहिल्या वर्षातच.

वहिनी : बघा! म्हणजे शंभरातल्या ब्याण्णवांना नाहीच. आणि माझा बावीस वर्षांचा.

तिचा हिशेब बरोबर होता आणि मी तो खोडून काढला नाही. बावीस वर्षं काही झालं नाही ही चांगली खूण आहे. पण ‘बहुतेक’ म्हणजे सगळे नव्हेत. पोट एकदा उघडलं की आत बारीक पट्टे तयार होतात, आणि एखाद्या पट्ट्याखाली आतड्याचं वेटोळं अडकायला काळाची मर्यादा नसते. वीस-तीस वर्षांनी अडकलेली माणसं शहरातल्या प्रत्येक मोठ्या रुग्णालयात येतात. जोखीम लहान आहे. ती कुठं गाठते यावर तिचं मोल ठरतं. वर्सोव्यात रात्री पोट दुखलं तर चार बंगल्याला कोकिलाबेन आहे, जुहूला कूपर आहे. आठ दिवसांच्या फेरीवर निघालेली बोट किनाऱ्यापासून कित्येक तास दूर असते.

दुसरी गोष्ट मी तिला सांगितली ती आमच्या क्षेत्राच्या वयाची. भारतातल्या बालशल्यचिकित्सकांची संघटना १९६५ सालची. परळचं वाडिया मुलांचं रुग्णालय १९२९ पासून उभं आहे, पण नवजात बाळाचं आतडं जोडून ते बाळ हमखास जगवणं ही फार अलीकडची गोष्ट. म्हणजे या शस्त्रक्रियांनी वाचलेली पहिली मोठी पिढी आत्ता कुठे प्रौढ होते आहे. त्यांचं काय होतं हे शिकायचं तर ती माणसं सापडायला हवीत. स्वेन्सन यांच्या पद्धतीनं झालेल्या ८८० शस्त्रक्रियांचा, अनेक देशांतला, ४० वर्षांचा आढावा १९८९ साली प्रसिद्ध झाला. कुणीतरी त्या मुलांचा पत्ता ठेवला म्हणूनच तो होऊ शकला. आपल्याकडे मूल मोठं झालं की मुलांच्या रुग्णालयाचं दार बंद होतं आणि मोठ्यांच्या रुग्णालयात त्याचा इतिहास जाणणारं कुणी नसतं. या मधल्या पुलाची आपण अजून नीट बांधणी केलेली नाही, आणि याचा मला खरोखर राग येतो.

मी : कागद कुठं आहेत?

वहिनी : होते. पेटीत, लग्नाच्या साड्यांखाली. २६ जुलैला घरात कमरेएवढं पाणी आलं. साड्या वाळवल्या. कार्डाचा लगदा झाला होता, तरी मी उन्हात ठेवलं. नाव तेवढं वाचता येतं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या दिवशी मुंबईत किती घरांतले असे कागद गेले असतील, याचा विचार मी कधी केला नव्हता. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरनं आंतररुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायची आणि रुग्णानं मागितली तर ७२ तासांत द्यायची. तीन वर्षं! ज्या बाळाचं आतडं कापलं, ते नीट बोलायला लागेपर्यंत त्याचा कागद नष्ट करायला मोकळीक. पुष्कळ मोठी रुग्णालयं जास्त काळ जपतात, पण त्यावर विसंबता येत नाही. घरातला कागद हाच शेवटचा.

मी : किती आतडं काढलं होतं, आठवतं?

वहिनी : डॉक्टर वीतभर म्हणाले होते. की दोन वीत? मी तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघत होते, ऐकत कुठे होते.

मी : वीतभर असेल तर फार फरक पडत नाही. पण बरंच मोठं आतडं गेलं असेल तर शरीरातलं पाणी आणि मीठ लवकर उतरतं. डेकवर उन्हात, उलट्या झाल्या तर आणखी. म्हणून आधी रुग्णालयात अर्ज द्यायचा, जुनं रजिस्टर मिळतं का बघायचं. नाही मिळालं तर आताच्या सर्जनला दाखवून, गरज वाटली तर चित्र काढून, नवा कागद तयार करायचा. एक पान पुरे : कोणता आजार, कोणत्या साली काय काय केलं, किती आतडं काढलं, जोड कुठं आहे. घरात एक, फोनमध्ये फोटो, मामाकडे एक.

वहिनी : मामाकडे का? माझा भाऊ सगळ्या मढला सांगेल. उद्या मुलगी बघायला गेलो की पहिला प्रश्न तोच. तुम्ही वॉर्डात होतात, तुम्हाला बाजार माहीत नाही. टोपली उतरवायच्या आत बातमी पोचते.

मी : मुलीला सांगायचं की नाही?

वहिनी : तुम्ही म्हणाल सांगायचं.

मी : हो. पण तू नाही, मी नाही. तो सांगेल, त्याला वाटेल तेव्हा, त्याला वाटेल तितकं. ते पोट त्याचं आहे.

वहिनी : आणि मोडलं तर?

मी : मोडू शकतं. त्याची हमी मी देऊ शकत नाही. लग्नानंतर कळलं तर काय होतं, तेही मी पाहिलं आहे.

वहिनी : मुलगी असती तर तुम्ही एवढं सहज म्हणाला असता?

मी : मुलगी असती तर जास्तच जोरानं म्हटलं असतं. ओटीपोटात असं काम झालेल्या मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरला ते आधीच ठाऊक असावं लागतं. बाळ खालून होऊ द्यायचं की सिझेरियन करायचं, आणि सिझेरियन करताना आत काय चिकटलेलं सापडेल, हे सगळं त्यावर. तिथं लपवणं म्हणजे दोन जिवांशी खेळ.

बराच वेळ ती सुके बोंबील निवडत राहिली. मला वाटलं विषय संपला. मग जो प्रश्न मी काढायला हवा होता, तो तिनंच विचारला.

वहिनी : समुद्रात दुखायला लागलं तर कसं ओळखायचं? पोट तर सगळ्यांचंच दुखतं. लाट असली की नवी पोरं ओकतातच.

मी : लाटेची उलटी खाल्लेल्या अन्नाची असते आणि पोट मऊ असतं. ही वेगळी. उलटी हिरवी होते. कळ येते, थांबते, परत येते. पोट फुगून टणक होतं. शी नाही आणि वाराही सरत नाही. या चार गोष्टी एकत्र दिसल्या की वाट बघायची नाही. ताप येऊन पोट फुगलं आणि घाण वासाचे जोरात जुलाब झाले, तर तीही धोक्याचीच खूण. आतड्याला सूज येते ती लहानपणी जास्त, पण मोठेपणी नाहीच असं नाही.

वहिनी : मग काय द्यायचं?

मी : काही नाही. अन्न नाही, पाणीसुद्धा ओठ ओले करण्यापुरतं. आणि एरंडेल तर मुळीच नाही. बोटीवर कुणीतरी काढणारच बाटली. बंद मार्गावर जोर लावला तर आतडं फाटू शकतं. बोट वळवायची आणि तटरक्षक दलाला १५५४ वर कळवायचं, मोबाइल लागत नसेल तर वायरलेसवर. किनाऱ्याला १०८ ची गाडी उभी राहील असं बघायचं.

वहिनी : वेळ किती असतो?

मी : नुसता मार्ग बंद असेल तर एखादा दिवस, दोन दिवस निभावतो, सलाइन लावली की पुष्कळदा आपोआप सुटतो. पण आतड्याचा रक्तपुरवठा आवळला गेला तर काही तास. बाहेरून यातलं कोणतं ते सांगता येत नाही, म्हणून घाई.

वहिनीनं हातातले बोंबील खाली ठेवले.

वहिनी : मग नाही जायचं त्यानं. आठ दिवसांच्या फेरीवर तर नाहीच. बँकेची परीक्षा दे म्हणावं. नाहीतर गेला तर संध्याकाळी परत येणाऱ्या होडीवर.

मी : वहिनी, जाऊ दे त्याला.

वहिनी : आत्ता तासभर तुम्हीच मला घाबरवलंत ना?

मी : घाबरवायला नव्हतं सांगितलं. बावीस वर्षं त्याला मार्ग बंद झालेला नाही. धोका आहे तो छोटा आहे. सर्जनला एकदा दाखवू, कागद करू, मामाला चार खुणा पाठ करायला लावू. मग जाऊ दे. त्याला हेच काम आवडतं.

वहिनी : म्हणजे सांगायचंही आणि सोडायचंही? मी म्हटलं नव्हतं, कळलं की मन धजत नाही म्हणून? मी एवढी वर्षं का बोलले नाही, हे आता तुमच्या लक्षात येतंय का? मला कळलं आणि मीच त्याला अडवायला निघाले. त्याला कळलं तर तो स्वतःला अडवेल.

मी : अडवेल कदाचित. पण ते त्याचं तो ठरवेल.

वहिनी : तुमचं पोर असतं तर?

मी : तर मलाही तुझ्यासारखंच वाटलं असतं. तरी मी त्याला सांगितलं असतं.

शेवटी तिनं अटी घातल्या. त्याला ती स्वतः सांगणार, मी नाही. शाळेचं सांगेल, पोटावरच्या तोंडाचं सांगेल, पण सळयांचं सांगणार नाही. भावाला चार खुणा सांगेल, आजाराचं नाव नाही. आणि पहिला मोसम दोन दिवसांपेक्षा लांबची फेरी नाही. पहिल्या दोन अटी मी मान्य केल्या, जरी सळयांचं त्याला कळलं तर आईबद्दलची त्याची माया वाढेलच, असं मला वाटत होतं; शेवटी हे लिखाण वाचताना त्याला तेही कळलं. तिसरीवर मी म्हटलं की बोटीवर डॉक्टरशी बोलायची वेळ आली तर आजाराचं नाव लागेलच, तेव्हा ते पानावर लिहून बंद पाकिटात मामाकडे द्यावं. तिला ते पटलं. चौथ्या अटीवर आमचं जमलं नाही. ती म्हणते दोन दिवस, मी म्हणते फेरी किती दिवसांची हे तांडेल आणि खलाशी ठरवतात, आई आणि आत्या नाहीत. सर्जनची वेळ पुढच्या मंगळवारची घेतली आहे. भाचा म्हणाला, तिथं तुम्ही दोघी बाहेर बसायचं, आत मी एकटा जाणार.